तुळस डावीकडे झुकत होती

३१ मेला निवृत्त झालो आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत हजर होतो. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काढली, पण वारीला रजा काही जमली नाही. दोष कुणाचाच नाही, दिवसच तसे. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना घटसर्प-फऱ्याच्या लसी, मेंढरांना आंत्रविषाराची. त्या संपता संपता पहिला पाऊस पडतो, कोवळं गवत उगवतं आणि पोटफुगीचे फोन सुरू होतात. पालख्या नेमक्या त्याच दिवसांत निघतात. वडील दरवर्षी चालायचे. मी त्यांना पुण्यापर्यंत सोडून माघारी फिरायचो. निरोपाच्या कार्यक्रमात आमचा ड्रेसर म्हणाला, "साहेब, जन्मभर अडकलेली वार काढली, आता वारी काढा." वार म्हणजे व्यायल्यावर पडायची झिल्ली, कधीकधी ती आतच अडकते.

माळ मी घातलेली नाही. धनगरवाड्यावर अपरात्री अडलेली मेंढी सोडवल्यावर पुढ्यात आलेल्या रश्श्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. वारीपुरतं सोडलं, एवढंच.

पुणे, लोणी काळभोर कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. पोटऱ्या दुखल्या, इतकंच आठवतं. यवतला गावानं पिठलं-भाकरी वाढली. त्याच रात्री दिंडीत कुणीतरी फोडलं की हा डॉक्टर आहे. राहुटीपुढं पायांची रांग लागली. "अहो, मी जनावरांचा," म्हटलं तर एक बाबा म्हणाले, "मग बरंच की. तुम्ही कुठं दुखतंय म्हणून इचारत बसणार न्हाई."

बाबा गमतीनं बोलले, पण आमचा धंदा खरोखर तोच. परळच्या कॉलेजात आम्हाला पहिलं शिकवलं ते हे, की लंगडणाऱ्या जनावराला आधी हात लावायचा नाही, चालवून बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकला की खाली येते. मागचा दुखत असेल तर पुठ्ठ्याकडं, म्हणजे ढुंगणाच्या हाडांकडं, बघायचं. पुढं संकरित गाई आल्या, गोठे सिमेंटचे झाले, आणि या लंगडण्यातच माझी सारी नोकरी सरली म्हणा ना. गायवाला तक्रार घेऊन यायचा ती दूध आटल्याची. पेंड बदलून झालेली, कॅल्शियमच्या बाटल्या पाजून झालेल्या. मी गाय दहा पावलं चालवायला लावायचो. बहुतेक वेळा घोळ मागच्या पायाच्या बाहेरच्या खुरात. चाकूनं वाढलेलं खूर छाटलं, आत दडलेला पू मोकळा केला, की गाय पाय टाकायची. बाकीच्यांना ऑपरेशनचं वेड असतं, मला खुराचं. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत मात्र हे सगळं बाजूला पडलं. तेव्हा गोठ्यागोठ्यांत नुसतं लस टोचणं आणि मेलेली मोजणं. त्याबद्दल अजूनही फारसं बोलवत नाही.

तर पाटसच्या पुढं रोटी घाट लागला. आमच्या पुढच्या दिंडीत डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका होत्या. चढावर मागून चालताना नजर आपोआप त्यांच्यावर गेली. पितळी वृंदावनं एका लयीत हलत होती, एक सोडून. ते दर दुसऱ्या पावलाला किंचित डावीकडं झुकायचं आणि लगेच सावरायचं. डावा पाय टेकत होता, पण टेकून राहत नव्हता. घाट संपेपर्यंत मी अभंग विसरून ते वृंदावनच मोजत होतो.

मधेच गावाकडून फोन आला. म्हैस विताना अडली होती, गर्भाशयाला पीळ पडलेला वाटत होता. टाळांच्या गजरात एका कानावर हात ठेवून सांगितलं की पीळ सोडवायला तिला लोळवायची घाई करू नका, नव्या डॉक्टरांना येऊ द्या, पीळ कुठल्या अंगाला आहे ते हात घालून बघू द्या. फोन ठेवला तेव्हा आमची दिंडी पार पुढं गेली होती. पळत गाठली.

उंडवडीच्या मुक्कामावर त्या बाईंना शोधून काढलं. पासष्टीच्या असतील, परभणीकडच्या. म्हटलं, "मावशी, डावा पाय बघू."

"काई न्हाई झालं, माउली."

"कधीपासून?"

"दोन दिस."

चप्पल काढायला लावली. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसलेला, वर काळं टोक, भोवती सुजून टणक झालेलं. चप्पल उलटी केली तर तळव्यात त्या काट्याचंच भोक. पाय मांडीवर घेतला, घेताना सवयीनं आधी गुडघ्यात दाबला, जशी गाय लाथ मारू नये म्हणून दाबतो. बाई हसल्या. आयोडीन लावलं, चिमट्यानं धरलं, पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदा पेराएवढा काटा आला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मी देणार नव्हतो, तो माझा अधिकार नाही. आरोग्य पथकाच्या गाडीपर्यंत सोबत गेलो आणि रांगेत उभं करून आलो.

बारामतीच्या पुढं काटेवाडीत पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग धनगर आपली मेंढरं रथाभोवती फिरवतात. कळपाला रोगराई होऊ नये ही त्यामागची भावना. पुढचं एक मेंढरू ओढलं की बाकीची मान खाली घालून मागं. धुरळा, घंटा, भंडाऱ्याचा पिवळा रंग. मी तिथंही दोन लंगडी मोजलीच. एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं, आंत्रविषाराची लस दिली का? त्यानं मला पायापासून पटक्यापर्यंत न्याहाळलं. पटका मी त्या दिवशी पहिल्यांदाच बांधला होता. म्हणाला, "मे महिन्यातच टोचल्यात. तुमी दवाखान्यातलं दिसता."

बेलवडीला गोल रिंगण होतं. आधी झेंडेकरी धावले, मग तुळशीवाल्या बायका, विणेकरी, आणि शेवटी अश्व. घोडा दुडकीत मान कशी ठेवतो ते बघत राहिलो. चारी पायांत खोट नव्हती. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली, मीही वाकलो.

पण त्याआधी, बायका धावत होत्या तेव्हा, मी परभणीच्या मावशींना शोधत होतो. चेहरा नीट लक्षात नव्हता, सगळा वेळ टाचेकडंच बघत होतो ना. साडीचा रंगही आठवेना. एकच खूण माहीत होती, म्हणून डावीकडं झुकणारी तुळस शोधली. दोन फेऱ्या झाल्या. एकही तुळस झुकत नव्हती.