पत्र्याचा डबा आणि वायफाय

ऑफिसांमधून निघालेले ते छोटे डेस्कटॉप असतात ना, काळे, चपटे, उभे-आडवे कसेही ठेवा चालणारे, त्यांच्यावर माझा फार जीव आहे. कंपन्या ते घाऊक घेतात, काही वर्षांनी घाऊक काढून टाकतात, मग ते रिफर्बिश्ड म्हणून कुणाच्या तरी घरी येतात. प्रोसेसर अजून धडधाकट, रॅम वाढवता येते, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की मशीन एकदम तरतरीत. सगळं आहे, फक्त वायफाय नाही. मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कची केबल लावायचं पोर्ट आहे, गिगाबिट वेगाचं, उत्तम चालणारं, आणि राउटर मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला.

बरं ही काही त्या मशीनमधली खोट नाही. ज्यांनी ते डिझाइन केलं त्यांच्या डोळ्यासमोर ऑफिसचं टेबल होतं आणि ऑफिसच्या टेबलाशेजारी नेटवर्कचं सॉकेट असतंच, त्यामुळे वायफाय हा जास्तीचा ऑप्शन, कुणी मागितलं तर टाकायचं, आणि घाऊक ऑर्डर देणारे बहुतेक जण मागत नाहीत. आता आपण त्याला अशा कोपऱ्यात आणून बसवतो जिथे सॉकेटचा पत्ता नाही आणि म्हणतो, घे बाबा आता हवेतून.

केबल ओढता येत असेल तर केबलच ओढा, हे माझं स्पष्ट मत. साध्या कॅट फाइव्ह ई केबलवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं, घरात एवढं अंतर कुठे असतं. पण हे ऐकायला कुणी तयार नसतं, दारातून वायर दिसते म्हणतात, त्यामुळे पुढे जाऊ.

पुढे म्हणजे डोंगल, वायफाय पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा. नखाएवढा असतो तो, यूएसबीत खुपसला की झालं, असं वाटतं. पण नखाएवढ्या वस्तूत अँटेना केवढी मावणार, आणि तो आपण खुपसतो कुठे, तर मशीनच्या मागच्या बाजूला, म्हणजे एका बाजूला पत्र्याचा डबा, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे बिचारा डोंगल. त्यात आणखी एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. यूएसबी ३ च्या पोर्टमधून डेटा पळतो तेव्हा जो रेडिओ गोंगाट होतो तो नेमका वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपर काढला होता. म्हणजे शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावून कॉपी सुरू केली की इकडे नेट रडायला लागतं आणि आपण राउटरला शिव्या घालतो. उपाय अगदी किरकोळ, यूएसबीची एक एक्स्टेंशन केबल घ्यायची आणि डोंगल टेबलावर आणून ठेवायचा. दिसायला वाईट दिसतं, पण सिग्नलमध्ये जो फरक पडतो तो नवा महागडा डोंगल आणूनही पडेलच असं नाही.

डोंगलची दुसरी गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे मशीनला डोंगल ओळखायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरची. बॉक्समध्ये एक छोटीशी सीडी, मशीनला सीडी ड्राइव्ह असेलच असं नाही, वेबसाइटवरून डाउनलोड करा म्हणतात, अहो नेट असतं तर डोंगल कशाला आणला असता. काही डोंगल लावल्या लावल्या आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतात, त्यात ड्रायव्हर असतो, तो टाकला की मग वायफाय कार्ड बनतात. आयडिया चांगली आहे, पण तो ड्रायव्हर विंडोजचा, लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र काही डोंगल सीडीच बनून बसून राहतात. अशा वेळी अँड्रॉइड फोन कामाला येतो, फोन वायफायवर ठेवायचा, यूएसबी केबलने मशीनला जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं, मशीनला वाटतं वायरचं नेटवर्क मिळालं. तेवढ्या वेळापुरता फोन हेच आपलं वायफाय कार्ड. काही लोक हे ‘तात्पुरतं’ वर्षभर चालवतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

आता डबा उघडायची तयारी असेल तर खरी मजा कार्डात आहे. मशीन थोडं मोठं असेल, म्हणजे आत पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट, कार्ड बसवायच्या खाचा, असतील, तर लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं वायफाय कार्ड लागतं. कार्डाच्या टोकाला डब्याच्या पाठीवर बसणारी नेहमीची पट्टी साधारण १२ सेंटीमीटरची असते, या डब्यात ८ च्या आसपासच मावते, म्हणून घेताना बॉक्समध्ये छोटी पट्टी आहे ना एवढं बघायचं, दोन स्क्रू काढून बदलता येते. छोटा स्लॉट रिकामा नसेल तर मोठ्या १६ लेनच्या, म्हणजे डेटाच्या सोळा वाटा असलेल्या, स्लॉटातही ते बसतं, चालतं, घाबरू नका. आणि जुना स्लॉट म्हणून वेग कमी पडेल ही भीतीही सोडा, दुसऱ्या पिढीच्या एका लेनमधूनसुद्धा सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, घरातलं वायफाय त्याच्या जवळपासही फिरकत नाही. अडतं ते ब्लूटूथपाशी. कार्डावरचं ब्लूटूथ स्लॉटमधून चालत नाही, त्याला मदरबोर्डवरच्या यूएसबी पिनांना वेगळी वायर जोडावी लागते, आणि या छोट्या मशीनमध्ये त्या पिना कधी दुसऱ्याच कशाने तरी अडवलेल्या असतात, कधी नसतातच. मग वायफाय जोरात आणि हेडफोन मुके.

अगदीच छोटं मशीन असेल, ते साधारण एक लिटर आकारमानाचं, तर त्यात बऱ्याचदा एम डॉट टूचा छोटा स्लॉट रिकामा असतो, २२ बाय ३० मिलिमीटरचं कार्ड, पोस्टाच्या तिकिटाएवढं. इथे मात्र नाव वाचून घ्यायचं. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० ही पूर्ण कार्डं आहेत, जुन्या मशीनमध्येही चालतात. एएक्स २०१ आणि २११ अर्धवट असतात, म्हणजे त्यांचं निम्मं काम मशीनमधला इंटेलचा चिपसेटच, म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप, करतो असं गृहीत धरलेलं असतं, आणि जुन्या चिपसेटला हे काम कुणी शिकवलेलंच नाही. कार्ड बसतं, स्क्रू लागतो, झाकण बंद होतं, आणि मशीनला काहीच दिसत नाही. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे आणि गेली सगळी संध्याकाळ. शिवाय एएक्स २१० घेऊन वायफायच्या ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्याची स्वप्नं बघत असाल तर विंडोजवर ते ११ मध्येच चालतं, आणि ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना घेतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ही जुनी मशीनं तशीही हळूहळू लिनक्सकडे सरकतायत, आणि तिथे इंटेलच्या कार्डांना ड्रायव्हर शोधावा लागत नाही हे एक सुखच.

पण सगळी चर्चा कार्डावरच होते, कुठलं घेऊ, वायफाय ५ का ६, बॉक्सवर किती हजार एमबीपीएस लिहिलंय, आणि ज्याच्यावर खरं सगळं ठरतं त्या अँटेनाबद्दल कुणी बोलत नाही. डबा पत्र्याचा आहे. पत्र्याच्या आत अँटेना गुंडाळून ठेवली तर रेडिओ लहरींनी यावं कुठून? मागे अँटेनासाठी भोक असतं किंवा त्याची जागा कोरून ठेवलेली असते, तिथून ती बाहेर काढावीच लागते. बाहेर काढली तरी ती डब्याच्या पाठीला चिकटून, भिंतीकडे तोंड करून उभी, पुढे मॉनिटरचा आडोसा. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, उणे ५० म्हणजे छान, उणे ८० म्हणजे जेमतेम, आणि आकडे जवळजवळचे वाटले तरी दर दहाला दहापट असा हिशोब असल्यामुळे या दोघांमध्ये हजारपट फरक आहे. हा फरक कुठलंही नवीन कार्ड भरून काढत नाही, अँटेना दोन हात इकडे सरकवली तर कधी कधी निघून जातो. म्हणून लांब वायरची, खाली लोहचुंबक असलेली अँटेना मिळते ती घ्या आणि कपाटाच्या डोक्यावर बसवा. अँटेनाची वायर कार्डाला जोडणाऱ्या त्या मुंगीएवढ्या कनेक्टरला मात्र जपा, सरळ वरून दाबायचा, तिरका दाबला की चेपतो.

आणि हे सगळं वाचून डबा उघडायची इच्छाच मेली असेल तर माझा आवडता मार्ग वेगळाच आहे. घरात एखादा जुना राउटर पडलेला असतो, त्यात क्लायंट किंवा ब्रिज मोड आहे का बघा, असेल तर तो मुख्य राउटरचं वायफाय पकडतो आणि आपल्या डब्याला छोट्याशा लॅन केबलने देतो. ड्रायव्हर नाही, स्लॉट नाही, स्क्रू नाही. मशीनला कळतसुद्धा नाही की वायरच्या पलीकडे हवा आहे, ते आपलं ऑफिसात असल्यासारखं निवांत. अँटेना राउटरच्याच, मोठ्या, आणि राउटर सिग्नल असेल तिथे ठेवता येतो. फक्त ब्रिज करताना त्या जुन्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटायचं काम, बंद करा, नाहीतर घरात आयपी वाटणारे दोघं होतात आणि मग कुणाचा फोन कधी नेटवरून गळेल सांगता येत नाही.