तुम्ही विचारलंत म्हणून : पोटाच्या ऑपरेशनबद्दल

ब्लाउजचं माप देताना बायका हात वर करतात, श्वास आत ओढतात आणि तेवढ्यात हळूच विचारतात, "काहून वं ताई, तुमी ते पोटाचं आपरेशन करून घेता म्हंते, खरं हाय काय?" नागपूरला जाऊन आल्यापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. विचारणाऱ्यांत चेष्टा करणाऱ्या थोड्या, स्वतःसाठी विचारणाऱ्या जास्त. त्यांच्यासाठी एकदा नीट बसून सांगते.

आमच्याकडे बाईचं ऑपरेशन म्हटलं की आधी नसबंदीच डोळ्यांपुढे येते. माझी ती धाकटीच्या सिझेरियनबरोबरच झाली. हे वेगळं. याला टमी टक म्हणतात. आम्ही शिवणाऱ्या बायका ब्लाउजला टक्स घालतो, तोच तो टक.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी 17 वर्षं शिवणकाम करते. दोन बाळंतपणं, दोन्ही सिझेरियनची. धाकटीनंतर वजन 84 किलोवर गेलं, शुगर काठावर आली, तेव्हा घाबरले. रात्रीचा भात सोडला, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी धरली, पहाटे पांधणीच्या वाटेनं कालव्यापर्यंत चालत गेले. दोन वर्षांत 61 वर आले आणि वर्षभर तिथेच आहे. चेहरा उतरला, दंड उतरले, पोट मात्र राहिलं. म्हणजे चरबी गेली आणि कातडी राहिली. सिझेरियनच्या रेघेवर तिची एक घडी लोंबते. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचतो, खाज सुटते, कातडी लाल होऊन सोलते. जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापून, उन्हात वाळवून मी तिथे ठेवते, दिवसातून दोनदा बदलते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माप घेताना तशीच लाल रेघ मी आणखी कितीतरी जणींच्या पोटावर पाहिली आहे, म्हणून आता सांगते.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवून मान उचलायला सांगितली. पोटाच्या मधोमध एक धार वर आली आणि तिथे त्यांची तीन बोटं आत गेली. पोटावर दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात ते एकमेकांपासून सरकतात, काहींचे परत जवळ येतच नाहीत. मग कंबर दुखते, चार घास खाल्ले तरी पोट पुढे येतं. उठाबशा काढून आणि पोट आवळून ती फट सहसा मिटत नाही, चुकीच्या व्यायामानं वाढूही शकते. फिजिओथेरपीचे व्यायाम मी सहा महिने केले. कंबरेला आराम पडला. कातडी होती तशीच आहे. ताणून ढिलं पडलेलं कापड धुऊन आकसत नाही, तसंच हे.

ऑपरेशनमध्ये करतात काय, तर ओटीपोटाच्या खाली एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवी चीर देतात. कातडी आणि चरबी बरगड्यांपर्यंत सुटी करतात, ते दोन स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढतात आणि जास्तीची कापून टाकतात. बेंबी जागची हलत नाही, ओढलेल्या कातडीला तिच्यासाठी नवं भोक पाडतात. हे ऐकलं तेव्हा मला काज आठवलं. माणसाच्या अंगाला कुणी इतक्या जपून काज करत असेल, असं कधी वाटलं नव्हतं. पूर्ण भूल देतात, दोन ते चार तास लागतात. व्रण जन्मभर राहतो आणि खालची कातडी बरेच महिने बधिर राहते, कुणाची कायमची.

हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. वजन आधी उतरवायचं, सहा महिने तरी तिथेच ठेवायचं, मग डॉक्टरकडे जायचं. हातपाय बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं टणक असेल, तर ती चरबी बहुधा आत, आतड्यांभोवती असते. तिला टमी टक हात लावत नाही, चरबी ओढून काढायचं लायपोसक्शनही नाही. ती चालण्यानं आणि ताटानंच जाते. माझा टेप इंचांचा आहे, त्यातच सांगते. आपल्याकडच्या बायकांची कंबर 80 सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली की शुगरचा आणि हृदयाचा धोका वाढतो. पुरुषांसाठी हाच आकडा 90 सेंटीमीटर आहे.

डॉक्टरांनी वजनाच्याही आधी विचारलं, "खर्रा खाता का?" मी नाही खात, पण आपल्याकडे खर्रा काय, गुडाखू काय, बायकाही सर्रास घेतात. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खालून सुटी केलेल्या कातडीला आधीच रक्त कमी मिळतं, त्यात ती काळी पडून सडू शकते. निदान महिनाभर आधी तंबाखू बंद लागते, नंतरही काही आठवडे. सिकलसेलचीही तपासणी सांगितली, आपल्या भागात तो आजार आहे आणि भुलीच्या डॉक्टरला ते आधी कळायला हवं. ऑपरेशननंतर कधी जखमेत पाणी साचतं, कधी पू होतो, आणि क्वचित पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. त्यानं जीवही जाऊ शकतो. हे मी कुणापासून लपवत नाही.

पैशाचं म्हणाल तर मला सांगितलेला आकडा दीड लाखाच्या वर आहे. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्यविमा सहसा पैसे देत नाही. पोस्टातली आरडी त्यासाठीच चालू आहे. पण माझं अडतं ते सहा आठवड्यांवर. तेवढे दिवस जड काही उचलायचं नाही. पाण्याचा गुंड नाही, सिलिंडर नाही, पिठाचा डबा नाही. पहिले काही दिवस वाकूनच चालायचं, पोटाला घट्ट पट्टा बांधायचा. वैशाखात पारा 45 वर असताना तो पट्टा सोसवणार नाही. वेचणीत घर रिकामं असतं, लग्नसराईत मशीन थांबत नाही. उरला आषाढ. तेव्हा नाल्याला पूर आला की गावचा रस्ता बंद होतो. म्हणून वर्ध्याला बहिणीकडे राहायचं ठरवते आहे.

सासूबाई म्हणाल्या, "पोट दिसते म्हणून कापाचं? लेकराईनं देल्लं हाय ते." त्यांचं मन मला कळतं. लेकरांनी दिलेल्या पोटाची मला लाज नाही. मला घडीतली ती जळजळ नको आहे, दुखरी कंबर नको आहे, आणि आरशात सरळ उभं राहायचं आहे. हे शेवटचं कारण एकटंच असतं, तरी मी ते पुरेसं मानलं असतं.

पण विचारणाऱ्या सगळ्यांना मी हो म्हणत नाही. एकीला अजून मूल हवं आहे, तिला थांबायला सांगितलं, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणू शकतात. एकीची शुगर आवाक्यात नाही, आधी ती आणायची. एकीच्या बेंबीपाशी खोकलताना गोळा येतो. तो हर्निया असू शकतो. तिला म्हटलं, टमी टकचं राहू दे, आधी सर्जनला दाखव. त्या ऑपरेशनला विमा बहुधा चालतो.

नागपूरला पुन्हा जायचं आहे. विचारायचे प्रश्न मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. कापणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, डीएनबी किंवा आताची डीआरएनबी पदवी आहे का. भूल कोण देणार. तिथे आयसीयू आहे का. रात्री पाय सुजला, दम लागला, तर फोन कोण उचलणार. तुमचा एखादा प्रश्न असेल तर माप द्यायला याल तेव्हा सांगा, पानावर जागा आहे.