माणसं बदलली, मग बँड तोच कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. किंग क्रिमझन या इंग्लिश रॉक बँडबद्दल बोलायला लागलो की दहाव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच: "एवढी माणसं बदलली, मग बँड तोच कसा?" सांगलीतल्या मित्रांनी विचारलाय, तबला शिकणाऱ्या भाच्याने विचारलाय, एकदा कोल्हापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही विचारला. (त्यांच्या कानाला हेडफोन लावायला नको होता, हे कबूल.)

मी मिरजेचा. लहानपणी सुट्टीत शेजारच्या काकांकडे पडीक असायचो. ते तंबोरे बनवायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे भिंतीला लागून रचलेले असायचे. जवारी लावताना, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जमवताना, काका तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायचे, तार छेडायचे, पुन्हा कानस, पुन्हा तार. एकदा एक गृहस्थ आजोबांचा तंबोरा घेऊन आले. भोपळा फुटलेला. काकांनी तो बदलला, मग तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, बदलावी लागली, खुंट्या झिजल्या होत्या म्हणून त्याही नव्या. न्यायला आले तेव्हा गृहस्थ हिरमुसले. "मग आजोबांचं ह्यात राहिलं काय ओ?" काकांनी तंबोरा जुळवून त्यांच्या हातात दिला. अर्धा तास छेडत बसले. पैसे मात्र पूर्ण दिले नाहीत.

आता बँड. पहिली तालीम १३ जानेवारी १९६९ ला, लंडनमधल्या एका कॅफेच्या तळघरात. ५ जुलैला हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या फुकट कार्यक्रमात लाखोंच्या गर्दीपुढे वाजवलं. १० ऑक्टोबरला पहिली रेकॉर्ड आली आणि डिसेंबरात, अमेरिकेचा दौरा संपता संपता, बँडमधले इयन मॅकडॉनल्ड आणि मायकल जाइल्स निघाले. वर्षसुद्धा भरलं नव्हतं! गिटारवाला रॉबर्ट फ्रिप त्यांना म्हणाला, तुम्ही थांबा, मी जातो. ते थांबले नाहीत. पुढे गायक ग्रेग लेकही गेला. वाजवणाऱ्यांत फ्रिप तेवढा उरला.

त्या पहिल्या रेकॉर्डवर मेलोट्रॉन आहे. दिसायला पेटीसारखं, पण आत प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की त्यावर आधी ध्वनिमुद्रित केलेली व्हायोलिनं वाजतात, जेमतेम आठ सेकंद; मग टेप संपते आणि बोट उचलावंच लागतं. व्होल्टेज हललं की सूरही हलतो. आमच्याकडे उन्हाळ्यात ते वाद्य एक दिवस टिकलं नसतं. मला हे सगळं बॉलपेनने नाव लिहिलेल्या, कॉपी केलेल्या कॅसेटवर मिळालं. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा चेहरा मी कितीतरी वर्षांनी पाहिला. तो काढणारा बॅरी गॉडबर कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता आणि रेकॉर्ड आल्यावर काही महिन्यांतच तो वारला.

पुढची दोन-तीन वर्षं मी भरभर पुढे सरकवतो. ऐकण्यासारखं आहे, पण घडी बसलेली नाही. एकच गंमत सांगतो: बास गिटार वाजवणारा मिळेना, तेव्हा फ्रिपने बॉझ बरेल या गायकालाच बास शिकवला. पुढे तो गडी बॅड कंपनी या बँडचा बासवादक म्हणूनच नावाजला.

१९७२ मध्ये मात्र फ्रिपने वेगळीच माणसं जमवली. ड्रमवाला बिल ब्रुफर्ड तर येससारखा ऐन भरात असलेला बँड सोडून आला. जेमी म्यूर पत्रे, साखळ्या, हाताला लागेल ते वाजवायचा. काही महिन्यांतच तो स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात निघून गेला. उरलेल्यांची धार वाढतच गेली आणि शेवटी १९७४ ची 'रेड' ही रेकॉर्ड. ती बाजारात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम 'रेड'च, आणि यावर मी वाद घालत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९८१ मध्ये आहे. फ्रिपने नवा बँड काढला. जुना एकटा ब्रुफर्ड. टोनी लेविन आणि एड्रियन बेल्यू हे दोन अमेरिकन नवे. मेलोट्रॉन नाही, व्हायोलिन नाही. बँडचं नावही वेगळं ठेवलं होतं, 'डिसिप्लिन'. वाजवता वाजवता फ्रिपच्या लक्षात आलं की हा किंग क्रिमझनच आहे, आणि जुनं नाव परत लावलं. 'डिसिप्लिन' हे नाव रेकॉर्डला गेलं. म्हणजे नाव आधी ठरवून माणसं भरली नाहीत. आधी वाजवलं, मग ओळखलं. काकांच्या दुकानातल्या त्या गृहस्थांनी दुसरं काय केलं होतं?

फ्रिप तिथे होताच, म्हणून तो बँड तोच, असं म्हणणारे भेटतात. मला पटत नाही. त्याने एकट्याने, दुसऱ्यांबरोबर, कितीतरी वाजवलंय. त्याला त्याने हे नाव दिलं नाही.

२०१४ ला तर सात जण उभे केले आणि तीन ड्रमवाले पुढच्या रांगेत बसवले. मैफलीत तबलजींना पुढे बसवून गवयाला मागे सारल्यासारखं! शेवटचा कार्यक्रम ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत झाला.

भाच्याला परवा १९८१ च्या रेकॉर्डवरचं 'फ्रेम बाय फ्रेम' ऐकवलं. त्यात दोन गिटार बरोबर निघतात, मग एक चौदा मात्रांवर राहते आणि दुसरी एक मात्रा टाकून तेरावर. दोघी हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात. पोराने मांडीवर चौदा मात्रांची दीपचंदी धरली आणि तीनदा हरवला. माणसं कोण, नवी किती, जुनी किती, काही विचारलं नाही. म्हणाला, "मामा, परत पहिल्यापासून लावा की."