गिटारवर घर चालतं का?

मुलाला क्लासला सोडायला आलेले पालक दारातच थांबतात आणि जरा अडखळत विचारतात, "सर, राग मानू नका, पण गिटारवर घर चालतं का?" मला राग येत नाही. पोराचं पुढं कसं होणार, ही काळजी त्या प्रश्नात असते. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगतो.

चालतं, पण एकाच कामावर नाही. माझ्या दहा रुपयांतले सहा शिकवणीचे, तीन कार्यक्रमांचे आणि एक व्हिडिओंचा. तुम्ही मला आधी मोबाईलवर पाहिलेलं असतं, म्हणून तुमचा अंदाज नेमका उलटा असतो.

गाजलेल्या सिनेगीताची धून वाजवली की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि जाहिरातींचे पैसे बहुतेक वेळा हक्क असलेल्या कंपनीकडे जातात. मला ते गैर वाटत नाही. चाल कुणीतरी बांधलेली असते. म्हणून मी धडे टाकायला लागलो. सगळ्यात जास्त पाहिला जातो तो एफ मेजर या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एका पकडीचा. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पहिल्या आडव्या कांबीपाशी, एका बोटाने सहाही तारा दाबायच्या, आणि नवी मुलं इथेच गिटार कोपऱ्यात ठेवतात. मी सांगतो, हीच पकड आधी पाचव्या फ्रेटवर धरा. दांड्याच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या नटाजवळ त्या दाबायला जड जातात, मध्ये आल्यावर त्याच हलक्या लागतात. तर्जनी सपाट ठेवू नका, अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलवा. मग रोज एकेक फ्रेट मागे या. हा धडा पाहून नाशिकच्या सिडकोतून, सातपूरहून, थेट सिन्नरहून मुलं आली. व्हिडिओची खरी कमाई मी ही धरतो.

कार्यक्रम म्हणजे लग्नातलं संगीत, वायनरीतल्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, कधी कालिदास कलामंदिरात गायकांना साथ. आषाढीनंतर लग्नं थांबतात. गणपतीचे दिवस सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत वही जवळजवळ कोरी. त्या महिन्यांत घरभाडं शिकवणीच भरते.

"नुसतं शिकवता का?" असं कुणी म्हटलं की मात्र मला लागतं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला संगीत शिकवणारं गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकांच्या आश्रयाऐवजी ते लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या पैशांवर चालवलं. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशिकलाच येऊन राहिले. त्यांच्या गावात शिकवणीला 'नुसतं' म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

तरी स्टेज सोडणार नाही. ऐन गाण्यात गायकाने पट्टी बदलली की हात काय करतो, हे वर्गात बसून कळत नाही. रविवारी स्टेजवर जे सापडतं तेच सोमवारी मुलांना देतो.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर महागडी गिटार लगेच घेऊ नका. दहा वर्षांच्या हाताला पूर्ण मापाची गिटार मोठी पडते आणि स्टीलच्या तारा बोटांना टोचतात. क्लासमध्ये नायलॉनच्या तारांची लहान गिटार आहे. पहिले दोन महिने तीच घरी न्या. बोटं दुखत असतानाही तो ती स्वतःहून हातात घेतो का, तेवढं बघा आणि मला येऊन सांगा.