एडफूच्या देवळात आधी गाभारा गाठा

इजिप्तहून परतलेल्या नाशिककरांना एडफूबद्दल विचारलं, तर उंच दरवाजा, ग्रॅनाइटचा ससाणा आणि टांगेवाल्यांची घासाघीस एवढंच सांगतात. दोष त्यांचा नाही. लक्सर-अस्वान क्रूझच्या बोटी सकाळी साधारण एकाच वेळी धक्क्याला लागतात. गाइड जेमतेम दीड-दोन तास देतो, त्यातला निम्मा वेळ पुढच्या चौकात फोटो काढण्यात जातो. माझं ऐकाल तर चौक परतताना बघा. आधी सरळ आत जा, गर्दी मागे असते तोवर.

हे होरस या ससाण्याच्या रूपातल्या देवाचं देऊळ. पाया इ.स.पू. 237 मध्ये घातला, काम पुरं झालं इ.स.पू. 57 मध्ये. दर दालनागणिक जमीन किंचित चढते, छत खाली येतं, उजेड आटत जातो. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपातून गाभाऱ्याकडे वळताना डोळ्यांचं जे होतं, तेच इथे, फक्त कितीतरी मोठ्या मापाचं. शेवटी एकाच दगडातून कोरलेला, सुमारे चार मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा देव्हारा आहे. तो नेक्टानेबो दुसरा या राजाचा, म्हणजे देवळाहूनही जुना. आतली मूर्ती नाही. समोरची लाकडी नाव आजच्या काळातली प्रतिकृती आहे.

पूजेचा क्रम भिंतींवरच कोरलाय, त्यामुळे तो ओळखीचा वाटायला वेळ लागत नाही. पहाटे पुजारी दाराचं मातीचं सील फोडायचा, कडी काढायचा, स्तोत्र म्हणून देवाला जागं करायचा. मग धूप, वस्त्रं, सुगंधी तेल, नैवेद्य. निघताना स्वतःच्या पावलांच्या खुणा झाडून दार पुन्हा बंद. दुपारी आणि संध्याकाळीही पूजा व्हायची, म्हणजे त्र्यंबकेश्वरासारखी त्रिकाळच. नैवेद्य नंतर पुजाऱ्यांत वाटला जाई. गाभाऱ्याभोवती फिरायला बोळही आहे, पण तो प्रदक्षिणेसाठी नाही. त्यातून आजूबाजूच्या लहान खोल्यांत जाता येतं.

आणि लोक? ते बाहेर. सामान्यांची मजल सणावारी फार तर पुढच्या चौकापर्यंत. देव मिरवणुकीला निघे तेव्हाही बहुधा झाकलेल्या देव्हाऱ्यात. ज्या गावात 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या माणसाला हे वाचून नुसतं नवल वाटून चालत नाही. आज तिकीट काढून कुणीही बूट घालून थेट देव्हाऱ्यापुढे उभा राहतो. दार उघडलं, पण देव गेल्यावर. हा हिशेब मला अजून नीट लावता आलेला नाही.

आतल्या भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतील. रोमन सम्राट थिओडोसियसच्या काळात, इ.स. 391 च्या सुमारास, जुन्या देवांची पूजा बंद झाली आणि पुढे ख्रिस्ती लोकांनी देवांच्या आकृत्या खरवडल्या. जवळ जाऊन बघा: घाव बरेचदा चेहरा, हात आणि पाय यांवरच आहेत, बाजूची अक्षरं तशीच सोडलेली. देऊळ पुरं झाल्यावर मंत्रांनी त्याचं ‘तोंड उघडायचा’ विधी होई, आपल्या प्राणप्रतिष्ठेसारखा. छिन्नी चालवणाऱ्यालाही मूर्तीत जीव आहे हे पटलेलं असणार. नुसता दगड समजला असता तर कोण एवढी मेहनत घेतो?

बाहेरच्या भिंती मात्र भर दुपारी बघू नका. तिथलं कोरीवकाम दगडात खोल घेतलेलं आहे, त्याला तिरपं ऊन लागतं. बारा वाजता सावली मरते आणि सगळं सपाट दिसतं. आत उलट: कोरीवकाम उठावाचं आणि अंधार, म्हणून टॉर्च न्या आणि तो समोरून नव्हे, भिंतीला लागून कडेने मारा. पहारेकरी ‘खास खोली’ दाखवायला बोलावतात, मग हात पुढे करतात. सुट्ट्या नोटा ठेवा, किंवा सरळ नको म्हणा.

पूर्वेच्या बाजूला भुयारी पायऱ्या नाईलच्या पाण्याची पातळी मोजायच्या विहिरीकडे उतरतात. पूर किती चढला यावर पीक आणि सारा ठरे. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आला हे बघणाऱ्यांना ही जागा समजवावी लागणार नाही. गाइड बहुतेक वेळा स्वतःहून तिथे नेत नाहीत, विचारावं लागतं.