रांजणातलं पाणी पिवळं होईना

आमच्या लातूरकडे हुशार पोरगी म्हणजे नीट आणि डॉक्टरकी. बीएस्सीनंतर मी सार्वजनिक आरोग्यात एमपीएचला प्रवेश घेतला, तेव्हा मामांनी विचारलं, "मग तुला सुई टोचता येणार का?" नाही येणार. पण 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, मी सातवीत होते. आमच्या गल्लीत घरोघरी जुलाब. डॉक्टर सलाईन लावत होते. जुलाब येतात कुठून, हे कुणी बघत नव्हतं. मला ते बघायचं होतं.

पहिलं सेमिस्टर संख्याशास्त्रानं खाल्लं. खरा कस लागला तो पिण्याच्या पाण्यावरच्या प्रकल्पात. बीड जिल्ह्यातल्या एका गावात दिवाळीनंतर गेले, तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले. "पाणी उकळून पिता का?" सगळ्यांचं उत्तर हो. मॅडमनी अख्खा गठ्ठा परत दिला. "पाणी तपासून आण."

मे महिन्यात, टोळ्या परतल्यावर, पुन्हा गेले. ग्रामपंचायतीच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या जलसुरक्षक दादांसोबत ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते रंगावरून बघितलं. नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरलं. पिवळं! लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरिन शिल्लक हवा, तो होता. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नीट टाकत होती. मग एका मावशींच्या रांजणातलं पाणी घेतलं. रंगच येईना.

"मावशी, कधीचं पाणी हे?"

"नळ आठ दिसाला येतो बाई. साठवून नाही ठेवलं तर प्यावं काय?"

साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन दिवसागणिक कमी होतो, त्यात तांब्यासोबत हातही बुडतो. हे मला पाठ होतं, तरी अहवालाच्या कच्च्या प्रतीत मी कारण लिहिलं होतं 'अज्ञान'. त्या रात्री तो शब्द खोडला. लाज वाटली मला.

गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंना घेऊन घरोघरी सांगितलं. रांजणाला लांब दांड्याचं वगराळं, क्लोरिनच्या द्रावणाचे मोजून थेंब, मग अर्धा तास पाणी प्यायचं नाही. पुढच्या खेपेला मावशींनीच नळी हातात घेतली आणि दारात जाऊन उन्हात धरली. फिकट पिवळी होती.

नळाची पाळी मात्र अजून आठ दिवसांचीच आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर मी तेच लिहिलं.