आमची वाटचाल : आधी तळ विचारतो, मग नांगर देतो

आमच्या कामाची सुरुवात वेल्डिंगच्या एका शेडमध्ये झाली. वडील फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे करायचे. छोट्या होड्यांवरचे मच्छीमार अधूनमधून मोडलेला नांगर जोडून घ्यायला येत. जोडता जोडता वडिलांनी स्वतःच नांगर करायला घेतला : एक जाड नळी, तिच्या टोकाला वाकवलेले चार गज आणि वर एक कडी. हा चार आकड्यांचा नांगर म्हणजे आमचं पहिलं उत्पादन. मी आणि धाकटा भाऊ शाळेतून आलो की गज वाकवायला बसायचो.

तेव्हा आम्हाला नांगराबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे वजन. नांगर जितका जड तितका चांगला, असं आम्ही मनापासून मानायचो आणि गिऱ्हाइकालाही तेच सांगायचो.

एक वयस्कर तांडेल (होडी चालवणारे प्रमुख) आमचा नांगर घेऊन गेले आणि आठवड्याभरात परत आले. होडी रात्रभर सरकत होती म्हणाले. आम्ही आकडे जाड केले, वजन वाढवलं. ते पुन्हा परत आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी नांगर खाली ठेवला आणि मला म्हणाले, “वजन नको वाढवू. उद्या माझ्याबरोबर होडीवर चल.”

त्या सकाळी मी जे शिकलो त्यावर आमचा धंदा आजही उभा आहे. रेतीचा तळ होता. त्यांनी नांगर सोडला, दोर बांधला आणि म्हणाले, “दोरावर तळहात ठेव.” हाताला बारीक बारीक हिसके लागत होते, खडीवरून गाडी जाते तसे. “हा तुझा नांगर चाललाय,” ते म्हणाले. मग त्यांनी एका ओळखीच्या होडीवरून दुसरा नांगर मागून घेतला. त्याला दोन रुंद, चपटी पाती होती आणि वजन आमच्या नांगराच्या निम्म्याच्या आसपास. तो टाकला, इंजिन हळू मागे घेतलं. आधी दोन-तीन हिसके बसले, मग दोर ताणला आणि एकदम गप्प झाला. तळहाताखाली काहीच हालेना. तो शांत, ताणलेला दोर मी आजही विसरलेलो नाही.

घरी येताना ते एवढंच बोलले : “शेतातल्या नांगराला आणि होडीच्या नांगराला आपण एकच नाव उगाच दिलेलं नाही.” फाळ जमिनीत शिरला तरच तास पडतो. वरून कितीही दाबा, फाळाचं टोक चुकीच्या कोनात असेल तर नांगर नुसता ढेकळांवरून घसरत जातो. पाण्याखाली नेमकं तेच होतं. आमचे चार गोल आकडे रेतीतून, पाण्यात बोटं फिरवावीत तसे सहज निघून येत होते.

वजनाचा भ्रम किती खोल असतो ते पुढेही दिसत राहिलं. काही जण सिमेंटचा ठोकळा ओतून मागायचे. त्यांना आम्ही हिशेब मांडून दाखवायला लागलो. काँक्रीट पाण्यात गेलं की त्याचं सुमारे चाळीस टक्के वजन पाणीच उचलतं. म्हणजे होडीवर चाळीस किलो वाटणारा ठोकळा तळाशी चोवीसच्या आसपासच भरतो, आणि तोही रेतीवर नुसता बसलेला असतो. लोखंडाचं वजन पाण्यात जेमतेम तेरा टक्के घटतं. नीट रुतलेला पात्यांचा नांगर तर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओढ सहन करतो. हे कळल्यावर आम्ही किलोवर नांगर विकणं बंद केलं.

आता दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो : तळ कसला आहे?

रेती किंवा घट्ट चिखल असेल तर बिजागरीवर हलणाऱ्या दोन चपट्या पात्यांचा नांगर. हा रिचर्ड डॅनफर्थ यांचा घाट. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या लष्करी बोटींवर तो वापरला गेला. तो हलका असतो आणि घडी होऊन होडीत सपाट पडून राहतो. त्याचा एक दोष मात्र आम्ही प्रत्येकाला सांगतोच. भरती-ओहोटीने होडी उलटी फिरली की हा नांगर उपटून निघू शकतो, आणि पात्यांमध्ये दगड किंवा शिंपला अडकला तर पुन्हा रुततच नाही. वारा आणि प्रवाह सारखे दिशा बदलतात अशा जागी एकाच फाळाचा, नांगरटीच्या फाळासारखा नांगर बरा. हा आकार १९३३ साली जेफ्री इंग्राम टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. द्रवांच्या प्रवाहावर आयुष्यभर काम केलेल्या माणसाने नांगराचाही विचार करावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पंजासारखा एकसंध नांगर १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांनी समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामातून आणला. तो चटकन रुततो, पण छोट्या मापात त्याची पकड तितकी दांडगी नसते. शेवाळ आणि गवताचा तळ कुठल्याच नांगराला सोपा नाही, तिथे शक्य तर गवतातली मोकळी जागा शोधायची.

आणि खडक असेल तर आमचा जुना चार आकड्यांचा नांगर. वडिलांनी केला तोच, फक्त आता गज मुद्दाम थोडे मऊ ठेवतो. आकडा कपारीत अडकला तर इंजिनाच्या जोराने तो सरळ व्हावा आणि नांगर वर यावा. वर आला की पाइप घालून पुन्हा वाकवायचा. मऊ गज पाहून काही गिऱ्हाइकांना वाटतं आम्ही लोखंड वाचवतोय. त्यांना कारण नीट सांगावं लागतं.

नांगर बदलूनही तक्रारी येतच होत्या. मग लक्षात आलं की आम्ही नांगर विकत होतो आणि लोक तो मिळेल त्या दोराला बांधत होते. फाळ चांगला असला तरी ओढ आडवी लागली पाहिजे. दोर तोकडा असला की तो नांगराला वर उचलतो, आणि उचललेला नांगर रुतणार कसा? म्हणून नांगराच्या मागे साखळी लागते. साखळी जड असते, तळाशी पडून राहते आणि दांड्याला खाली धरून ठेवते. शिवाय दगडावर घासून दोर तुटण्याची भीती जाते. निदान होडीच्या लांबीएवढी साखळी असावी, असं आम्ही धरून चालतो.

दोराच्या लांबीचा हिशेब आम्ही काउंटरवर खडूने लिहून दाखवतो, कारण नुसतं तोंडी सांगितलेलं राहत नाही. पाण्याची खोली आठ मीटर. बरेच जण याची पाचपट करतात आणि चाळीस मीटर दोर सोडून निवांत होतात. पण नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर वर आहे, आणि रात्री भरतीने पाणी तीन मीटर चढणार आहे. खरा आकडा झाला बारा. चाळीस मीटर दोर त्याच्या सव्वातीनपटीच्या आसपास पडतो, म्हणजे ओहोटीला धरलेला नांगर भरतीला सुटतो, तोही माणसं झोपलेली असताना. बाराच्या पाचपट साठ मीटर, आणि वारा असेल तर सातपट, चौऱ्याऐंशी मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो, म्हणून जोरदार वाऱ्यात हात आखडू नये. आम्ही दोरावर दर पाच वावांवर (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) रंगीत धागा गुंफून देतो. अंधारात किती सोडला ते हाताला लागणाऱ्या धाग्यांवरून मोजता येतं.

दोर तीन पेडी नायलॉनचाच. तो ताणतो, लाटेचा हिसका स्वतःत जिरवतो आणि पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त म्हणून लोक आणतात, पण तो तरंगतो. सैल पडला की इंजिनाच्या पंख्यात जातो, आणि उन्हाने त्याचे धागे भुसभुशीत होतात. दोर आणि साखळी जोडताना गाठ मारू नये. गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पेड उकलून, लोखंडी थिंबलभोवती (दोर घासू नये म्हणून घालायच्या खोबणीच्या कडीभोवती) फिरवून, पुन्हा दोरातच गुंफलं तर ताकद जवळपास तशीच राहते. हे काम आमच्या वहिनी करतात. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे त्या किमान पाच फेरे गुंफतात, आणि प्रत्येक फेरा अंगठ्याने दाबून पाहतात. त्यांच्या हातचं गुंफण आजवर एकदाही सुटलेलं नाही.

सुटली ती माझ्या हातची जोडणी. हे मला सांगितलंच पाहिजे.

धंद्याचं सहावं वर्ष होतं. एका गिऱ्हाइकाने साखळीचं टोक काउंटरवर आणून ठेवलं. शॅकलचा, म्हणजे पिन फिरवून बंद करायच्या जोडकडीचा, वाकडा भाग साखळीत तसाच लटकत होता, पण पिन नव्हती. मी भिंग घेऊन आटे पाहिले. आटे अगदी स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. म्हणजे पिन तुटली नव्हती, फिरत फिरत निघून गेली होती. भरती-ओहोटीला होडी फिरते, साखळीला पीळ पडतो, पीळ सुटतो, आणि प्रत्येक वेळी पिन केसभर सैल होते. तिच्या डोळ्यातून तार घालून ती शॅकलला बांधून टाकायची असते. मी घाईत ती बांधली नव्हती. होडी खडकांच्या दिशेने वाहत गेली होती, इंजिन वेळेवर सुरू झालं म्हणून वाचली. त्या माणसाने आवाज चढवला नाही. “तार का नव्हती?” एवढंच विचारलं. त्याला नवा नांगर, साखळी सगळं दिलं, आणि आधीच्या दोन वर्षांत दिलेल्या प्रत्येक नांगराचा माग काढला. आम्ही दोघे भाऊ तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन होडीहोडीवर फिरलो. तेव्हापासून शॅकल जोडणारा एक आणि तार तपासणारा दुसरा, असा नियम आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीला स्टेनलेसची शॅकलही आम्ही लावत नाही, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की जस्त लवकर खाल्लं जातं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. एकाने होडीच्या मागच्या फळीवर नांगराची कडी बसवून मागितली. जाळं ओढायला सोयीचं पडेल म्हणाला. आम्ही बसवून दिली. मागची बाजू बसकी असते, तिथे इंजिनाचं वजन असतं, आणि नाळेसारखी ती लाटेवर चढत नाही. नांगराने मागून धरलेल्या होडीत दोन-तीन लाटा शिरल्या आणि होडी भरली. जवळ दुसरी होडी होती म्हणून तिच्यावरचे दोघेही वाचले. मी ती कडी स्वतः जाऊन कापून काढली. आता कुणी कितीही आग्रह केला, वाद घातला, दुसरीकडे जातो म्हणाला, तरी मागची कडी आम्ही बसवत नाही. नांगर नाळेवरूनच.

खडकात नांगर अडकतो तेव्हाही माणसं अशीच संकटात सापडतात. दोर बाजूच्या खिळीला बांधून इंजिनाने ओढतात आणि होडी कलते. त्यावर साधा उपाय आहे. साखळी दांड्याच्या वरच्या कडीला न जोडता खाली, जिथे आकडे निघतात तिथे शॅकलने जोडायची, मग दांड्यावरून वर आणून वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायची. एरवी ओढ वरच्या टोकाने लागते. नांगर अडकला की उभं राहून नाळेवरून जोर लावायचा, पट्टी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने, आला त्या वाटेने निघून येतो. पट्टी किती जाड हवी ते होडीच्या वजनावर ठरतं. आम्ही गिऱ्हाइकासमोरच दोन-तीन पट्ट्या तोडून दाखवतो, म्हणजे किती जोराला तुटते ते हाताला कळतं. रात्रभर थांबायचं असेल तर मात्र पट्टीवर विसंबू नये.

पुढे नाळेवरचे रोलर आले, मग नांगर वर ओढणारे विजेवरचे नांगर-रहाट. रहाटाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. साखळीची कडी त्याच्या दातांना तंतोतंत बसली पाहिजे, म्हणून साखळी त्याच मापाची घ्यायची. आणि होडी थांबलेली असताना ओढ रहाटावर ठेवायची नाही, दोर खुंटाला बांधायचा.

सध्या आमच्याकडे एका नव्या नांगराचं काम चाललंय. खोलगट फाळ, मागे गोल कमान. कसाही पडला तरी कमानीवरून लोळून टोकावर यावा, असा विचार आहे. ओहोटीला मोकळ्या झालेल्या रेतीत आम्ही तो ओढ मोजणाऱ्या ताणकाट्याला जोडून ओढतो. वडील आता वेल्डिंग करत नाहीत, पण खुर्ची टाकून काट्याचा आकडा मोठ्याने वाचतात आणि मी वहीत लिहितो. रेतीत दहापैकी दहा वेळा रुतला. मऊ गाळात तीनदा तसाच घसरला, बहुधा टोकावर वजन कमी पडतंय. भावाने टोकात शिसं ओतलंय. पुढच्या मोठ्या ओहोटीला पुन्हा गाळात ओढून पाहणार आहोत. तोवर तो विकायला ठेवलेला नाही.